बेरोजगारी परवडायला ऐपत लागते

भाऊ, आधी ती अभ्यासिकेतली खुर्ची सोड आणि मेसचा डबा बंद कर. पुण्यात बसून तू नोकरीचे अर्ज भरतोस, म्हणजे तू काम शोधतोस, म्हणजे सरकारच्या रोजगार पाहणीत तू बेरोजगार ठरतोस. एवढा शिकलासवरलास आणि देशाचा आकडा बिघडवतोस?

आपल्याकडे बेरोजगार राहायला ऐपत लागते. बापाने महिन्याच्या महिन्याला पैसे धाडायला हवेत. ज्याला संध्याकाळी चूल पेटवायचीय तो मिळेल ते काम धरतो. म्हणून तर अशिक्षितांमध्ये बेरोजगारी नावापुरती आणि पदवीधरांमध्ये भरघोस! चूक झाली ती तू कॉलेजात नाव घातलंस तेव्हाच. असो.

आता गावी जा. रात्री लाइट आली की वडिलांबरोबर कांद्याला दारं धर. पगार मागू नकोस, घरचं कुणी पगार मागतं का? घरच्या शेतात फुकट राबणारा पाहणीच्या हिशेबात स्वयंरोजगारवाला असतो. वर्षाच्या हिशेबाला ३० दिवस राबलास तरी कामकरी ठरतोस. उरलेले अकरा महिने खुशाल नोकरी शोध. आठवड्याच्या हिशेबाला तर सात दिवसांत एक तास पुरतो.

ही युक्ती तुझ्या आधी पुष्कळांनी केलीय. २०१७-१८ मध्ये बेरोजगारीचा दर ६.१ टक्के होता, २०२३-२४ मध्ये ३.२ वर आला. त्याच काळात कामकऱ्यांमधला शेतीवाल्यांचा वाटा ४४.१ वरून ४६.१ टक्क्यांवर चढला. कोरिया-चीनमध्ये शेतातली माणसं कारखान्यात गेली. आपण उलटी बांधावर आणून बसवली. बांध तोच, फक्त मधल्या काळात भावाभावांत वाटण्या झालेल्या.

आणि पोलीस भरतीचं खूळ डोक्यातून काढ. २०२४ मध्ये राज्यात १७ हजारांवर जागांसाठी १७ लाखांवर अर्ज आले होते. मैदानाबाहेर फुटपाथवर चादर टाकून झोपायचं आणि पहाटे उठून धावायचं. त्यापेक्षा शेळीला पाला टाकलेला बरा, तो कामात धरतात.

पाहणीवाला टॅब घेऊन ओट्यावर आला, की आई "पोरगं रिकामंच आहे हो" म्हणायच्या आत तू पुढे हो. शेळी दाखव, कांदा दाखव, तास सांग. तो खाली मान घालून बोट दाबेल. मग त्याला चहा विचार. बहुतेक तोही कंत्राटीच असेल.