उलट उत्तर देता येतं का?

महाराष्ट्रात एक वाद दर थोड्या दिवसांनी नव्याने पेटतो. कुणीतरी पुण्यातल्या एखाद्या दुकानावरच्या पाटीचा फोटो टाकतं, किंवा काउंटरवर मिळालेलं तिरकस उत्तर लिहितं, आणि मग सगळा महाराष्ट्र आपापल्या गावाची बाजू घेऊन उतरतो. नागपूरकर म्हणतात, आमच्याकडे या, जेवल्याशिवाय सोडणार नाही. कोल्हापूरकर म्हणतात, आम्ही रांगडे असू, पण मनात काही ठेवत नाही. मुंबईकर सांगतात की गर्दीत गोड बोलायला सवड नसते, पण पडलात तर उचलायला चार हात पुढे येतात. पुणेकर बहुधा शांतपणे म्हणतात की स्पष्ट बोलणं म्हणजे उद्धटपणा नव्हे.

मी मूळची अकोल्याची. इंजिनिअरिंगची वर्षं पुण्यात काढली आणि आता बराच काळ श्टुटगार्टमध्ये नोकरी करते. तिन्ही ठिकाणी मनापासून राहिल्यामुळे हा वाद मला परका वाटत नाही, पण तो चुकीच्या जागी चालतो असं मात्र ठाम वाटतं. बोलणं गोड की कडक, यावर सगळे भांडतात. ज्याच्याशी बोललं गेलं त्याला त्याच सुरात परत बोलता येतं का, हे कुणी विचारत नाही.

जर्मनीतही असाच स्वभावांचा नकाशा लोकांच्या तोंडी असतो. बर्लिनचा बसड्रायव्हर फाटक्या तोंडाचा. हॅम्बुर्गची माणसं 'मॉइन', म्हणजे नमस्कार, एवढंच म्हणून गप्प होणारी. कोलोनची माणसं पहिल्या बिअरलाच खांद्यावर हात टाकणारी, पण दुसऱ्या दिवशी ओळख ठेवतीलच असं नाही. म्युनिकच्या बिअरगार्डनमध्ये अनोळखी माणसांच्या टेबलावर 'जागा आहे का?' एवढं विचारून बसता येतं, घरचा डबाही उघडता येतो. आणि आम्ही राहतो तो श्वाबेन प्रांत म्हणजे काटकसरी, कष्टाळू, कुरकुरे. ओरडलं नाही म्हणजे कौतुकच केलं, अशी इथली म्हण आहे, आणि ऑफिसात तिचा अनुभव रोज येतो.

हे फक्त गमतीवारी नेण्यासारखं नाही. 2012च्या अखेरीस जर्मन संसदेचे तेव्हाचे उपाध्यक्ष वोल्फगांग टिअर्झं यांनी एका मुलाखतीत बर्लिनच्या प्रेन्त्सलाउअर बेर्ग भागात येऊन राहिलेल्या श्वाबेन लोकांबद्दल तक्रार केली. बेकरीत पावाला बर्लिनचं 'श्रिपं' हे नाव सोडून श्वाबेनमधलं 'वेकं' म्हणतात, हे त्यांना खटकत होतं. आपण आता आपल्या छोट्या गावात नाही, बर्लिनमध्ये आहोत, हे या लोकांनी समजून घ्यावं, असं त्यांचं म्हणणं. नंतर काही श्वाबेन मंडळींनी तिथल्या चित्रकार-शिल्पकार केटं कोलवित्स यांच्या पुतळ्यावर श्पेट्सलं, म्हणजे इकडच्या घरगुती शेवया फेकून निषेध केला. देशभर बातम्या झाल्या. एकाच देशाचे, एकाच भाषेचे, सुखवस्तू लोक. पण राहायला आलेल्याने आमच्यासारखं बोलावं हा हट्ट तोच. मुंबई-पुण्यात राहिलेल्या कुणालाही तो ओळखीचा वाटेल.

आता आमच्या इमारतीतल्या तिसऱ्या मजल्यावरच्या बाईंबद्दल सांगते. वय पंच्याहत्तरीच्या पुढे. श्वाबेनमध्ये 'केअरवोखं' नावाची पद्धत आहे. जिना, तळघराची वाट, दारापुढचा फूटपाथ झाडण्या-पुसण्याची आठवड्याची पाळी. पाळी आली की दाराच्या मुठीला लाकडी पाटी लटकते. या पद्धतीची मुळं 15व्या शतकातल्या श्टुटगार्टच्या नगरनियमांपर्यंत जातात असं सांगतात. या बाई जिन्याच्या कठड्यावरून बोट फिरवतात आणि बोट आपल्यासमोर धरतात. बोलत काहीच नाहीत. काचेच्या बाटल्या रविवारी कुंडीत टाकायच्या नसतात, हे त्यांनी मला ज्या आवाजात सांगितलं, त्याच आवाजात वरच्या मजल्यावरच्या प्रोफेसरांना सांगितलं. ते इथेच जन्मलेले, गोरे, मोठ्या पदावरचे. दोघांनाही सारखंच ऐकावं लागलं.

मग एके दिवशी त्यांच्या घरी दुपारी दोनच्या सुमारास कारागीर भिंतीला ड्रिल लावत होता. आमच्या इमारतीच्या नियमात 1 ते 3 ही शांततेची वेळ आहे. मी वर गेले, बेल दाबली आणि म्हणाले, दोन वाजलेत, ही विश्रांतीची वेळ आहे. त्यांनी घड्याळ पाहिलं, 'बरोबर आहे तुमचं' म्हणाल्या आणि काम थांबवलं. संध्याकाळी जिन्यात भेटल्या तेव्हा नेहमीसारखंच 'ग्र्युस गॉट'. चेहऱ्यावर राग नाही, अढी नाही. या बाईंना मी उद्धट म्हणणार नाही. त्या कोरड्या आहेत, पण तो कोरडेपणा माझ्याही हातात आहे. मीही तो त्यांच्यावर वापरू शकते.

आणि इथेच मला पुण्याची बाजू घ्यावीशी वाटते, कारण पुण्यावर होणारी निम्मी टीका मला पटत नाही. दुपारी 1 ते 4 दुकान बंद, यावर किती हसतात लोक! पण दुकानदारालाही दुपारी जेवून आडवं व्हायचा हक्क आहे. जर्मनीत रविवारी जवळपास सगळी दुकानं बंद असतात आणि रविवारच्या विश्रांतीला थेट राज्यघटनेचं संरक्षण आहे. त्याला कुणी उद्धटपणा म्हणत नाही. शिवाय पुण्यात 'नाही मिळणार' म्हणजे नाही मिळणार. आमच्या अकोल्यात सुतार 'येतो ना ताई, काहून काळजी करता' असं इतक्या प्रेमाने सांगतो की आपणच विरघळतो, आणि चार दिवस फिरकत नाही. त्या गोडव्यात माझ्या चार दिवसांची किंमत धरलेली नसते. वेळ पाळणं, खोटं आश्वासन न देणं, भाव आधी सांगणं हासुद्धा शिष्टाचार आहे, आणि त्यात पुणं श्टुटगार्टच्या फार जवळ आहे.

पण उरलेली निम्मी टीका खरी आहे, आणि ती पाट्यांवर विनोद करून झाकली जाते याचं मला वाईट वाटतं.

पुण्यात आल्यावर पहिल्याच महिन्यात मी एका दुकानात विचारलं होतं, 'हे कितीले आहे जी?' काउंटरमागच्या गृहस्थांनी शेजारच्या गिऱ्हाइकाकडे पाहून हसत म्हटलं, 'आधी मराठी शिका, मग भाव विचारा.' दुकानात चार माणसं होती, चौघंही हसली. मी काय उत्तर देणार होते? सतरा-अठराचं वय, नवं शहर. मी वस्तू ठेवून बाहेर पडले. त्यानंतर वर्षभर मी दुकानात शिरण्याआधी मनात वाक्य जुळवून घेत असे. हे फक्त माझं नाही. स्पर्धा परीक्षेसाठी बीड, बुलढाणा, नांदेड, गडचिरोलीहून येऊन पेठांमधल्या अभ्यासिकांत बसणाऱ्या कुठल्याही मुलाला विचारा. 'न' आणि 'ण' कुठे घसरतो, 'काऊन' म्हटलं की कोण हसतं, हे तो तारीखवार सांगेल. जो पुणेकर दुकानदाराला तिथल्या तिथे तिरकस उत्तर देऊ शकतो, त्याच्यासाठी ती दोघांची जुगलबंदी असते. या मुलांसाठी ती जुगलबंदी नसते, कारण त्यांना उत्तर देण्याची सोयच नसते.

श्टुटगार्ट ज्या राज्याची राजधानी आहे त्या बाडेन-व्युर्टेम्बर्गने 1999मध्ये स्वतःची जाहिरात करताना घोषवाक्य घेतलं होतं: आम्हाला सगळं येतं, फक्त प्रमाण जर्मन येत नाही. सरकारने, स्वतःच्या पैशाने, मोठ्या अक्षरांत. श्वाबिश, म्हणजे इकडची बोली, बोलणाऱ्याची उरलेल्या जर्मनीत थट्टा होते, हे त्यांना माहीत होतं. त्यांनी तेच छातीवर बिल्ल्यासारखं लावलं. वऱ्हाडी, अहिराणी, मालवणी, मराठवाडी बोलींबद्दल आपल्या सरकारने असं छातीठोकपणे म्हटलेलं मला पाहायचं आहे. बोली विनोदी मालिकेत नोकराच्या तोंडी घालण्यापुरती नसते.

रांगडेपणाचंही तसंच आहे. कोल्हापुरात एसटीचा कंडक्टर म्हाताऱ्याला 'मामा, सरक की जरा' म्हणतो आणि म्हातारा त्याला 'थांब की लेका, उतरू दे' म्हणून गप्प करतो. अरे-तुरे दोन्हीकडून चालतं, म्हणून कुणी दुखावत नाही. मालवणात 'मेल्या, खंय होतंस इतके दिस?' ही विचारपूस असते, कारण समोरचाही तितक्याच मायेने मेल्या म्हणून उत्तर देतो. मुंबईच्या लोकलमध्ये लेडीज डब्यात 'कुठे उतरणार?' आणि 'सरका जरा' हे ज्या खणखणीत आवाजात म्हणतात, तो नव्या माणसाला भांडण वाटतं. पण आज बसलेली उद्या उभी असते आणि आज चौथी सीट मागणारी उद्या ती देते. जागा रोज बदलतात, म्हणून त्या आवाजाचा कुणाला अपमान वाटत नाही.

उलट बाजूला, आपल्याच सोसायट्यांत साठीच्या वॉचमनला शाळकरी मुलगा 'ए वॉचमन' म्हणून हाक मारतो आणि कामाला येणाऱ्या मावशींना सगळं घर एकेरीत बोलतं. त्या मात्र घरातल्या लहानग्यालाही 'दादा' म्हणतात. हे पुण्यात आहे, नागपुरात आहे, कोल्हापुरातही आहे. कुठल्या शहराची माणसं जास्त प्रेमळ यावर तावातावाने भांडणारे आपण या एका बाबतीत सगळे सारखे वागतो.

जर्मनीला मी यातून सूट देणार नाही. इथल्या एका सरकारी कचेरीत व्हिसाच्या रांगेत माझ्यापुढे एक सिरियन गृहस्थ होते, वडिलांच्या वयाचे. टेबलामागच्या तरुण कर्मचाऱ्याने त्यांना 'डू' म्हणून एकेरीत बोलायला सुरुवात केली आणि मोठ्याने, एकेक शब्द तोडून. माझी पाळी आली, कंपनीचं पत्र पाहिलं, आणि सूर बदलला: 'झी' म्हणजे आदराचं 'तुम्ही', कृपया, धन्यवाद. दोन मिनिटांत एकाच माणसाचे दोन आवाज ऐकले. अनोळखी प्रौढाला 'झी' म्हणणं इथे पक्कं ठरलेलं आहे. दंडसंहितेच्या कलम 185 नुसार अपमान हा गुन्हा आहे, गाडी चालवताना मधलं बोट दाखवलं तरी दंड होऊ शकतो. 2006पासून भेदभावाविरुद्ध स्वतंत्र कायदाही आहे. तरीही दारावरचं नाव परकं असलं की घर भाड्याने मिळायला त्रास होतो, आणि नकार अत्यंत सभ्य भाषेत येतो. त्या सभ्य नकाराला उत्तर देता येत नाही. तिसऱ्या मजल्यावरच्या बाईंचं कोरडं बोलणं मला त्यापेक्षा कितीतरी माणुसकीचं वाटतं.

हे सगळं आत्ता लिहावंसं वाटलं त्याला कारण आहे. मुंबई आणि श्टुटगार्ट 1968पासून भगिनी-शहरं आहेत, पण तो संबंध बराच काळ पाहुण्यांचा होता. 2024मध्ये महाराष्ट्र सरकारने बाडेन-व्युर्टेम्बर्गशी कुशल मनुष्यबळ पाठवण्याचा करार केला. नर्स, इलेक्ट्रिशियन, ड्रायव्हर, हॉटेलातले कामगार अशा कामांसाठी गावोगावची मुलं-मुली जर्मन शिकू लागली. त्यांना इथले शिष्टाचार शिकवतात: वेळेवर जा, डॉक्टरांच्या प्रतीक्षागृहात शिरताना सगळ्यांना नमस्कार करा, रात्री दहानंतर आवाज नको, बोलावल्याशिवाय कुणाच्या घरी जाऊ नका. सगळं योग्य आहे आणि शिकायलाच हवं. पण हे सारं नमतं घेण्याचं शिक्षण आहे. वॉर्डात एखादा पेशंट अद्वातद्वा बोलला, मुकादमाने सगळ्यांसमोर एकेरीत हाक मारली, तर काय म्हणायचं हे त्या मुलीला कुणी सांगत नाही. गडचिरोलीहून पुण्याला आणि तिथून इकडे आलेली मुलगी दोनदा गप्प बसायला शिकून येते.

इथे नव्याने आलेल्यांसाठी आम्ही काही मराठी घरं शनिवारी जमतो. पोहे असतात, पत्ता नोंदवण्याचे फॉर्म भरून देतो, विम्याची पत्रं वाचून दाखवतो. आता त्यात मी तोंडी सराव घालायला लावला आहे. एकाने साहेब व्हायचं, ओरडायचं, आणि दुसऱ्याने उभं राहून, आवाज न चढवता, पूर्ण वाक्यात जर्मनमध्ये म्हणायचं: 'कृपया मला झी म्हणा.' 'हळू बोला, मला समजलं नाही.' 'हा नियम सगळ्यांना लागू आहे का?' पहिल्यांदा बहुतेक जण हसतात, मग मान खाली घालून पुटपुटतात. चौथ्या-पाचव्या वेळी आवाज नीट येतो. पुण्यातल्या कॉलेजांनी आणि अभ्यासिकांनी बाहेरगावच्या मुलांसाठी हा तास पहिल्या आठवड्यातच ठेवावा, मराठीतून, आणि ज्याला त्याला आपापल्या बोलीत बोलू द्यावं.