सरासरीपेक्षा उबदार म्हणजे लगेच उन्हाळा नव्हे

हवामान अंदाजाच्या या लेखात म्हटलंय, किनारपट्टीवर शरदाची सुरुवात सरासरीपेक्षा उबदार जायची शक्यता जास्त, आणि इकडे लोकांनी उन्हाळा लांबला म्हणून जाहीर पण करून टाकलं. अहो जरा थांबा, या सीझनल, म्हणजे अख्ख्या ऋतूच्या अंदाजात थंड, नॉर्मल, उबदार असे तीन गट असतात, कसलाच कल नसेल तर प्रत्येकाची शक्यता साधारण ३३ टक्के, मग समजा उबदारला ४० मिळाले तरी उरलेले ६० कुठे जातात? आणि सरासरी बहुतेक ठिकाणी १९९१ ते २०२० ची धरतात, तीच आधीच्यापेक्षा चढी आहे.

मला खरी गंमत समुद्राची वाटते, तिथे लेख एका ओळीत आटोपलाय. जमीन पटकन गार होते, पाणी उन्हाळा सरतासरता कुठे सगळ्यात गरम होतं, त्यामुळे रात्री जमिनीवरचा गार वारा त्या कोमट पाण्यावर गेला की ढग धरतात आणि पहाटे किनाऱ्यालगत सर येऊन जाते, थोडं आत मात्र रस्ते कोरडे ठणठणीत. दुपारी तिथेच छान ऊन, म्हणजे छत्री घेऊन निघालेला माणूस वेडाच ठरतो :) एकच सरासरी आकडा देण्यापेक्षा किनारा आणि आतला भाग वेगवेगळा दाखवा ना प्लीज.