कॅप्सूल आपोआप सरळ होते, पण कुठवर?

अवकाशयानाच्या कॅप्सूलविषयी, म्हणजे पृथ्वीवर परतणाऱ्या भागाविषयी, एक दावा सध्या भलताच फिरतोय: ‘कॅप्सूलला बॅडमिंटनच्या फुलासारखा आकार दिला की वातावरणात शिरताना ती आपोआप सरळ होते. थ्रस्टर (यान वळवणारी छोटी इंजिनं), संगणक आणि वर्षानुवर्षांच्या चाचण्या म्हणजे पैशाचा चुराडा.’ पुरावा म्हणून सोयूझ-५ या सोव्हिएत यानाची घटना पुढे करतात.

घटना खरी आहे. जानेवारी १९६९ मध्ये अंतराळवीर बोरिस व्होलिनोव्ह त्यातून परतताना सर्व्हिस मॉड्यूल (कॅप्सूलला जोडलेला इंजिनांचा भाग, जो आधीच सुटायला हवा) सुटलंच नाही. उष्णतारोधक ढाल मागे आणि दार पुढे अशा अवस्थेत यान वातावरणात घुसलं, दाराचं सील जळू लागलं. जोडणी तुटल्यावर मात्र कॅप्सूल वळली, ढाल पुढे आली. वस्तुमानकेंद्र (वजनाचा मध्यबिंदू) ढालीकडे ठेवल्याचा हा फायदा, मान्य. पण तोवर तेच मॉड्यूल जोडलेलं यान उलट्या बाजूनेही स्थिरच होतं की! अपोलोची कॅप्सूलसुद्धा निमुळतं टोक पुढे ठेवून स्थिर राहू शकत होती. तिथे आपोआप म्हणजे आपोआप चुकीचं.

‘एकदा सरळ झाली की काळजी मिटली’ हे तर सगळ्यात कच्चं. कॅप्सूल डोलतच येते. वेग उतरून ध्वनीच्या वेगाजवळ आला की बोथट कॅप्सूलच्या मागची खळबळती हवा त्या डोलण्यापेक्षा किंचित मागे पडते, आणि झोका आवरण्याऐवजी त्याला जोर देते. म्हणून ड्रोग, म्हणजे कॅप्सूल स्थिर करणारं छोटं पॅराशूट, वेळेत उघडावं लागतं. ८ सप्टेंबर २००४ रोजी नासाच्या जेनेसिस यानाच्या कॅप्सूलच्या ढालीने आपलं काम चोख केलं, पण मंदावण्याची नोंद घेणारे सेन्सर उलटे बसवलेले असल्याने ड्रोग उघडलंच नाही. कॅमेऱ्यात दिसली ती कोलांट्या खात येणारी कॅप्सूल. ताशी सुमारे ३१० किमी वेगाने ती युटाच्या वाळवंटात रुतली.

‘विंड टनेलमध्ये (वेगवान हवा सोडलेल्या बोगद्यात) मॉडेल सरळ राहतं’ म्हणे. राहणारच, मागून दांडीने धरलेलं असतं! शिवाय दांडी नेमकी त्या खळबळत्या हवेतच असते. म्हणून बॅलिस्टिक रेंजमध्ये, म्हणजे लांब चाचणीमार्गावर, छोटी मॉडेलं तोफेतून मोकळी सोडतात आणि वाटेत ठिकठिकाणी छायाचित्रं घेऊन झोका वाढतोय की विरतोय ते मोजतात. चाचण्यांचा खर्च जातो तो इथे.

राहता राहिले थ्रस्टर. सोयूझ तिरकी राहून थोडी उचल (हवेचं वर ढकलणारं बळ) मिळवते आणि थ्रस्टरने कुशीवर वळून ती उचल हवी तिकडे लावते. एप्रिल २००८ मध्ये सोयूझ टीएमए-११ला ते जमलं नाही, यान बॅलिस्टिक मार्गाने, म्हणजे उचलीविना फेकलेल्या दगडासारखं, आलं. तिघं वाचले, पण आठ जीहून (पृथ्वीच्या गुरुत्वाकर्षणाच्या आठ पटींहून) जास्त भार सोसून आणि ठरल्या जागेपासून चारशेहून अधिक किलोमीटर अलीकडे.