लेव्हल द्यायची कधी?

आम्ही डंजन्स अँड ड्रॅगन्स खेळतो: प्रत्येकाचं एक कॅरेक्टर, फासे टाकत पुढे जाणारी गोष्ट, आणि ती चालवणारा मी. लेव्हल वाढली की कॅरेक्टरला नवी ताकद मिळते, आणि ती कधी द्यायची हे मी ठरवतो. मागच्या सेशनला, म्हणजे बैठकीला, आमच्या फाइटरने (लढवय्या कॅरेक्टर खेळणारीने) अख्खी मारामारी एकेक वार करत काढली. तिला एका वेळी दोन वार करता येतात, पाचवी लेव्हल मिळाली तेव्हापासून. कॅरेक्टरच्या शीटवर तिच्याच अक्षरात ‘दोनदा मारायचं!!’ असं लिहिलंय, खाली दोन रेघाही आहेत. पण त्या रेघा मारून साडेचार महिने झाले होते. आठवलं तेव्हा शेवटचा ओगर (राक्षस) आडवा झालेला.

त्या दिवशी सगळ्यांना सहावी लेव्हल द्यायची असं मी ठरवून आलो होतो. दिली नाही. थोडी कुरकुर झाली, म्हणून हा प्रपंच.

वर्षातून चार वेळा खेळ जमला तरी आम्ही स्वतःवर खूश असतो. सुरुवातीला मी एक्सपीचा, म्हणजे अनुभवाच्या गुणांचा, हिशोब काटेकोर ठेवायचो. डंजन्स अँड ड्रॅगन्सच्या पाचव्या आवृत्तीत दुसऱ्या लेव्हलला 300 एक्सपी लागतात, पाचवीला 6,500. एक गॉब्लिन मारला की 50, तेही पार्टीत, म्हणजे सगळ्या कॅरेक्टरांत, वाटून. वहीत नुसती खाडाखोड. त्यात ज्याच्या घरी आजारपण होतं तो दोन सेशनला येऊ शकला नाही, म्हणून त्याचंच कॅरेक्टर मागे पडलं. ही शिक्षा कशाबद्दल? वही बंद केली. आता सगळे एकाच लेव्हलला, आलेले आणि न आलेलेही. यावर मी वाद घालत नाही.

2014च्या डंजन मास्टर्स गाइडमध्ये (खेळ चालवणाऱ्यासाठीच्या पुस्तकात) सेशन मोजून लेव्हल द्यायची सोय आहे. पहिल्या सेशननंतर दुसरी लेव्हल, पुढच्यानंतर तिसरी, आणखी दोन सेशननंतर चौथी, मग दर दोन-तीन सेशनला एक. आमच्या वेगाने दहावी गाठायला चार ते साडेपाच वर्षं! म्हणून बरेच जण सांगतात, क्वचित खेळता ना, मग दर सेशनला एक लेव्हल देऊन टाका. मोह मलाही होतो. पण विझार्डच्या (जादूगाराच्या) पुस्तकात दर लेव्हलला दोन नवे स्पेल, म्हणजे मंत्र, चढतात, आणि आधीचेच वाचण्यात आमचा पहिला अर्धा तास जातो. कॅरेक्टर शिकतं, खेळाडू तिथेच राहतो.

म्हणून माझा नियम असा की आधी मिळालेली ताकद कुणी आठवण न करता टेबलावर वापरली गेली, की पुढची लेव्हल. आणि ती सेशनच्या शेवटी नाही, सुरुवातीला. शेवटी दिली की सगळे खुशीत घरी जातात आणि चार महिन्यांत विसरतात. सुरुवातीला दिली की लगेच एक छोटी चकमक घालता येते, नवीन हत्यार हातात असतानाच.

मधल्या काळात हाताला काही लागायला हवं, हे मान्य. त्यासाठी मी कॉल ऑफ क्थुलू या अशाच दुसऱ्या खेळाची युक्ती उचललीय. तिथे जे कौशल्य खेळात यशस्वी ठरतं त्यापुढे खूण करतात, नंतर शंभराचा फासा टाकतात, आणि आकडा त्या कौशल्यापेक्षा जास्त आला तर ते वाढतं. कौशल्य जेवढं कमी तेवढं ते लवकर सुधारतं, हे मला फार आवडतं. आमच्याकडे तीन खुणा झाल्या की त्या कौशल्यात कायमचा एक अधिक. वाढ एवढीशी, पण ती कशामुळे मिळाली हे प्रत्येकाला आठवतं. आमचा ‘रोग’ (rogue, म्हणजे चोर कॅरेक्टरवाला) अजून सांगतो की दुसरी खूण त्या विहिरीच्या कुलपाची आहे.

फाइटरने आता फाशांच्या डबीवरच ‘दोनदा’ लिहून चिकटवलंय. विझार्डला मात्र आपण काउंटरस्पेल (समोरच्याची जादू थोपवणारा मंत्र) घेतलाय हे अजून आठवलेलं नाही. मी सांगणार नाहीये.