डीएपीच्या गोणीतले 'चोरलेले' २६ टक्के

"गोणीवर ४६ टक्के फॉस्फरस छापतात, लॅबमध्ये २०च निघतो. म्हणून डोस सव्वादोनपट करा." डीएपी (डायअमोनियम फॉस्फेट) खताबद्दलचा हा मेसेज काल काकांनी पाठवला, खाली प्रश्न: गव्हाला गोण्या वाढवू का? नका वाढवू, काका.

लॅबचा आकडा बरोबरच आहे, मेसेजवाल्यानं गोणी नीट वाचली नाही. तिथे पी२ओ५ (फॉस्फरसचं ऑक्साइड) ४६ टक्के लिहिलेलं असतं. खत (नियंत्रण) आदेश, १९८५ मधली अटही 'पी२ओ५ म्हणून मोजलेलं फॉस्फेट किमान ४६ टक्के' अशीच आहे. पी२ओ५च्या वजनात फॉस्फरस ४३.६ टक्के, बाकी ऑक्सिजन. ४६ गुणिले ०.४३६, झाले २०. ऑस्ट्रेलियात फॉस्फरस मूलद्रव्य म्हणूनच मोजतात, म्हणून तिथे हेच डीएपी १८-२०-० (नत्र-फॉस्फरस-पोटॅशियम) म्हणून विकतात. अगदी शुद्ध डायअमोनियम फॉस्फेटमध्येही फॉस्फरस साडेतेवीस टक्केच असतो. ४६ आणणार कुठून?

'डोस वाढवा' हे मात्र नुसतं अज्ञान नाही, नुकसान आहे. शिफारसही पी२ओ५मध्येच असते. बागायती गव्हाला हेक्टरी १२०:६०:४० किलो (नत्र:पी२ओ५:पोटॅश), म्हणजे ६० किलो पी२ओ५साठी डीएपी १३० किलो, अडीच गोण्यांहून जरा जास्त. मेसेजच्या हिशेबानं ३०० किलो, सहा गोण्या! पैसे तर जातातच, वर जादा स्फुरदामुळे (फॉस्फरसमुळे) पिकाला जस्त कमी मिळतं. चुनखडीच्या जमिनीत ते आधीच कमी लागू होतं, मग पिवळं पडलेलं पीक बघून झिंक सल्फेट आणायला पळा.

आणखी एक दावा: '१८ आणि ४६ मिळून ६४, उरलेली ३६ टक्के माती.' १८ हा नत्र या मूलद्रव्याचा आकडा, ४६ ऑक्साइडचा, त्यांची बेरीज कसली करता? उरतो तो मुख्यतः ऑक्सिजन आणि हायड्रोजन. थोडी अशुद्धता असते, मान्य.

आणि हाही दावा: 'पी२ओ५ जमीन जाळतं.' गोणीत तो पदार्थ नसतोच. असता तर हवेतली ओल ओढून केव्हाच फॉस्फरिक आम्ल झाला असता.

गोणीत नसलेल्या ऑक्साइडमध्ये मोजायची रीत गोंधळाची आहे, एवढं मेसेजवाल्याला देऊन टाकतो. माती परीक्षणात तर एक लॅब पी (फॉस्फरस) लिहिते, दुसरी पी२ओ५. अहवालावर नुसतं 'स्फुरद' असेल तर आधी लॅबला विचारा. पीला २.२९ने गुणलं की पी२ओ५, पोटॅशियमला (के) १.२०ने गुणलं की के२ओ (पोटॅशियमचं ऑक्साइड).

आणि हो, पोटॅशच्या गोणीवरचे ६० टक्केही के२ओचेच, पोटॅशियम त्यात ५०च्या आसपास. पुढचा मेसेज त्यावरच येईल.