टाकीचा ड्रायव्हर

मुलुंडच्या आमच्या सोसायटीच्या इतिवृत्तात एक ठराव नोंदलेला आहे : ‘गच्चीवरील टाकीकरिता ड्रायव्हरची विनामूल्य व्यवस्था करण्याचे श्री. अमुक यांनी मान्य केले.’ श्री. अमुक म्हणजे मी. पुढच्या सभेत पहिल्या मजल्यावरच्या काकांनी लेखी विचारलं, हा ड्रायव्हर गाडी कुठे लावणार?

प्रकरण साधं होतं. पहाटे पावणेपाचला पालिकेचं पाणी खालच्या टाकीत येतं, वॉचमनमामा पंप लावतात आणि तो बंद करायच्या वेळी नेमका त्यांचा डोळा लागतो. मग गच्चीवरून असा धबधबा कोसळतो की तळमजल्यावरची मंडळी पाऊस समजून दोरीवरचे कपडे काढायला धावतात. प्लंबर म्हणाला, वर फ्लोट, म्हणजे पाण्याच्या पातळीवर चालणारा तरंगता स्विच टाकू, वायर खाली आणू. पण इमारतीचं रंगकाम नुकतंच झालेलं. “भिंतीवर वायर दिसली तर मी राजीनामा देईन,” सेक्रेटरी म्हणाले. एरवी धमकी देणाऱ्याला लोक घाबरत नाहीत, पण सेक्रेटरी गेला तर पुढचा कोण, या विचाराने सगळे गारठले. गच्ची आणि माझं दुसऱ्या मजल्यावरचं घर यांच्यामध्ये सहा स्लॅब. वायफाय दुसऱ्याच स्लॅबला धाप टाकतं. “मग रेडिओ लावू,” मी बोलून गेलो. खरं तर मी बँकेसाठी व्याजाचे रिपोर्ट काढणारा माणूस. पण सोसायटीच्या लेखी ‘कॉम्प्युटरमध्ये असणं’ हा एकच धंदा आहे, त्यात अडकलेला प्रिंटर सोडवण्यापासून उपग्रह सोडण्यापर्यंत सगळं येतं.

आपल्याकडे ८६५ ते ८६८ मेगाहर्ट्झचा पट्टा कमी ताकदीच्या रेडिओला परवान्याशिवाय वापरता येतो. त्यावर लोरा नावाची पद्धत सावकाश बोलते आणि लांबवर ऐकू जाते, आमच्या मालवणच्या आत्येच्या बरोबर उलट. इलेक्ट्रॉनिक्सच्या बाजारात, लॅमिंग्टन रोडला जायला दादरला गाडी बदलून ग्रँट रोडला उतरलो. लॅमिंग्टन रोडचं पाटीवरचं नाव डॉ. भडकमकर मार्ग. त्या नावाने पत्ता विचारलात, तर त्याच रस्त्यावर उभा असलेला माणूस तुम्हाला पुढच्या चौकात विचारायला सांगतो. दुकानातल्या पोराने १६ मिलिमीटर लांब आणि तेवढंच रुंद लोरा रेडिओचं मॉड्यूल, म्हणजे चिप बसवलेला छोटा तुकडा, काउंटरवर टाकलं.

“अँटेना?”

“साडेआठ सेंटीमीटर वायर लावा काका, पळेल.”

‘काका’ जिव्हारी लागलं. घरी हिशेब केला. तरंगलांबीचा चौथा हिस्सा, ८.६६ सेंटीमीटर. म्हणजे पोराचं बरोबर होतं. दोन्ही बाबतींत.

मॉड्यूलच्या टोकांमधलं अंतर २ मिलिमीटर आणि माझ्या ‘रास्पबेरी पाय’ या छोट्या कॉम्प्युटरच्या पिनांमधलं २.५४. ही अर्ध्या मिलिमीटरची तफावत मिटवण्यात एक रविवार आणि डाव्या अंगठ्याची कातडी गेली. पायथनमध्ये तयार लायब्ररी होत्या, त्या घेतल्या असत्या तर त्याच संध्याकाळी काम संपतं. पण पाय ज्या लिनक्सवर चालतो त्याच्या कर्नेलात, म्हणजे थेट गाभ्यात शिरून मॉड्यूल चालवणारा प्रोग्राम, म्हणजेच ‘ड्रायव्हर’, लिहायचं माझ्या डोक्यात बसलं. चाळिशी उलटल्यावर काही जण बुलेट घेतात, काही मॅरेथॉन धावतात. माझं हे असं झालं.

चिपची डेटाशीट, म्हणजे माहितीपुस्तिका, शंभराहून जास्त पानांची. सोपं करून सांगायचं तर चिप म्हणजे एक चाळ. प्रत्येक रजिस्टर ही खोली, दारावर हेक्स, म्हणजे दहाऐवजी सोळावर चालणाऱ्या आकड्यात नंबर. ४२ नंबरच्या खोलीत आवृत्तीचा आकडा राहतो. कडी वाजवली की आतून ‘१२’ असं उत्तर आलं पाहिजे. मी कडी वाजवली. ‘००’. पुन्हा वाजवली. ‘००’. शेजारच्या खोल्या वाजवल्या, सगळीकडे ‘००’. अख्खी चाळ गणपतीला कोकणात गेल्यासारखी.

पाय आणि चिप यांच्यात एसपीआय नावाची जी बोलण्याची रीत आहे तीही विचित्र. दोघांनी एकाच वेळी बोलायचं. तुम्ही एक बाइट टाकता त्याच क्षणी समोरून एक बाइट येतो. म्हणजे तुमचा प्रश्न पुरा होईपर्यंत जे आलं ते निरर्थक, आणि खरं उत्तर हवं असेल तर तुम्हीही काहीतरी निरर्थक बोलत राहायचं. (सोसायटीच्या सभांना वीस वर्षं बसल्यामुळे हे मला पटकन समजलं.) एसपीआयच्या घड्याळाचा वेग कमी केला, कोड तीनदा लिहिला, रात्रीचे दोन वाजले. १२ काही येईना, माझेच बारा वाजायची वेळ आली.

चौथ्या दिवशी आईला टेबलावर गवार निवडायची होती. तिने बोटाने मॉड्यूल बाजूला सारलं आणि पडद्यावर १२ उमटलं.

“आई, हलू नकोस!”

“अरे, शॉक लागतोय की काय?”

“बोट तसंच ठेव!”

बोट असेपर्यंत १२, उचललं की ००. टीव्ही दुरुस्त करणारे ज्याला ‘ड्राय सोल्डर’ म्हणतात ते हेच. वरून जोड धड दिसतो, आत पकड नाही. “म्हणजे आपल्या जुन्या टीव्हीसारखं. त्याला मी थापट मारायचे,” आई म्हणाली. माझ्या चार दिवसांच्या संशोधनाचा तिने एवढ्यात निकाल लावला.

जोड पक्का केला आणि खरी परीक्षा सुरू झाली. संदेश आला की मॉड्यूल एका तारेवरून हाक मारतं, त्याला इंटरप्ट म्हणतात. कर्नेल हातातलं काम टाकून माझं फंक्शन चालवतो. मी त्यातच एसपीआयवरून संदेश वाचायला गेलो, तर पडद्यावर ‘शेड्युलिंग व्हाइल अ‍ॅटॉमिक’ असा शंख झाला आणि रास्पबेरी पाय आडवा झाला. कारण एसपीआयचं उत्तर येईपर्यंत थांबावं लागतं, थांबणं म्हणजे कर्नेलच्या भाषेत झोपणं, आणि इंटरप्टच्या वेळी झोपायला सक्त मनाई. यावर तोडगा कर्नेलात २००९ पासून आहे. कामाचे दोन भाग करायचे. वरच्या अर्ध्याने फक्त खालच्या अर्ध्याला उठवायचं आणि निघून जायचं. खालचा अर्धा निवांत काम करतो, त्याला झोपायचीही मुभा असते. मी तसं केलं आणि गच्चीवरून पहिला संदेश आला : ‘टाकी रिकामी’. सेक्रेटरींनी पेढे वाटले, सोसायटीच्या खर्चाने.

सभेत ठरलं की संदेश माझ्याच फोनवर यावा, कारण मामांचा फोन साधा आहे. आता रोज पावणेपाचला फोन वाजतो. मी उठतो, इंटरकॉमवर “मामा, पंप लावा” म्हणतो आणि उशीवर डोकं टेकतो. खाली मामा पंप लावून खुर्चीत निवांत डुलकी घेतात.

“झोपू नकोस,” बायको कूस बदलत म्हणते, “भरल्याचा मेसेज यायचाय अजून.”