आक्षेप कायम

कॉम्प्युटरमध्ये नवा प्रोसेसर, म्हणजे सगळी गणितं करणारी मुख्य चिप, बसवून आज नऊ दिवस झाले आणि घरात त्याची चौकशी सुरू आहे.

चौकशी अधिकारी म्हणजे माझे सासरे. अण्णा आयुष्यभर लेखापरीक्षणात होते. त्यांना निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली, पण पेन्सिल अजून सेवेत आहे. प्रोसेसरचं रिकामं खोकं मी गुपचूप माळ्यावर टाकणार होतो, तेवढ्यात ते त्यांच्या हाती लागलं. त्यांनी चारही बाजू वाचून काढल्या आणि हाक मारली, "जावईबापू, जरा बसता का?"

जुनं यंत्र नीट चालत होतं. हे मी फक्त इथे लिहितोय, अण्णांसमोर अजून कबूल केलेलं नाही. नव्या पिढीच्या जाहिरातीत एक आलेख होता. त्यात जुन्या प्रोसेसरचा खांब गुडघ्याएवढा आणि नव्याचा खांब ताडमाड. आलेख शून्यापासून नव्हे, 90 पासून सुरू होतो, हे मला माल घरी आल्यावर दिसलं. मग कळलं की नव्या चिपला सॉकेट, म्हणजे ती बसते ती खोबणी, नवी लागते, म्हणजे सगळे भाग जोडणारा मदरबोर्डही नवा. त्या बोर्डवर डीडीआर 5 या नव्या पिढीची रॅम, म्हणजे कामापुरती मेमरी, लागते. जुनी डीडीआर 4 त्यात बसतच नाही, तिची खाचच वेगळ्या जागी. थोडक्यात, बटण तुटलं म्हणून अख्खा सदरा शिवून घेतला.

सगळं जोडून कळ दाबली. पंखे फिरले, पडदा काळा. बोर्डवर एक पिवळा दिवा मख्ख जळत होता. मी घाबरून रॅम काढली, पुसली, परत बसवली. असं दोनदा केलं. डीडीआर 5 पहिल्यांदा सुरू होताना बोर्ड आणि रॅम एकमेकांशी वेळेचं जमवून घेतात आणि त्याला काही मिनिटं लागू शकतात, हे मला तिसऱ्या खेपेला समजलं. म्हणजे दोघांची बोलणी जुळत आली की दर वेळी मीच मध्ये जाऊन मोडता घालत होतो.

तर, अण्णा.

"खर्चाचं प्रयोजन?"

"वेग, अण्णा. 15 टक्क्यांपर्यंत जास्त."

"'पर्यंत' म्हणजे?" पेन्सिल थांबली. 'पर्यंत' हा शब्द त्यांनी आयुष्यभर प्रवासभत्त्याच्या बिलांमध्ये पाहिला आहे. "शून्यसुद्धा 15 पर्यंतच येतो."

मी मोजमाप पुढे केलं. तोच व्हिडिओ, तीच मांडणी. जुन्या यंत्रावर तयार व्हायला 6 मिनिटं 10 सेकंद, नव्यावर 5 मिनिटं 52.

"म्हणजे 18 सेकंद. असे व्हिडिओ दिवसाला किती?"

खोटं बोलायची इच्छा झाली, पण बायको दारात उभी होती. "आठवड्याला एक."

अण्णांनी खोक्याच्या पाठीवर रेघ मारली. 18 गुणिले 52, बरोबर 936 सेकंद. वर्षाला पंधरा मिनिटं छत्तीस सेकंद. "बरं. आणि हे बसवण्यात किती वेळ गेला?"

"दोन संध्याकाळी आणि एक रविवार."

"तासात सांगा."

"अकरा."

त्यांनी 39,600 लिहिलं, भागाकार मांडला, एक अंक खोडून पुन्हा लिहिला आणि चष्मा काढला. "42 वर्षं. 42 वर्षांनी तुमचा गेलेला वेळ भरून निघेल. तेव्हा तपासणीला मी नसेन, म्हणून आत्ताच शेरा मारून ठेवतो." आणि खरोखर मारला.

मी म्हटलं, व्हिडिओसाठी नाही हो, मुख्य म्हणजे गेमसाठी घेतला. ही माझी चूक झाली. कारण तिथे जुनं यंत्र सेकंदाला 131 चित्रं दाखवत होतं आणि नवं 127.

"उणे?" अण्णा खुर्चीत पुढे सरकले. इतका आनंद मी त्यांच्या चेहऱ्यावर लग्नातही पाहिला नव्हता. "नवीन घेऊन उणे?"

मी समजावायला गेलो. आता बऱ्याच चिप एकसंध नसतात. वेगवेगळे तुकडे शेजारी शेजारी बसवतात. माझ्या चिपमध्ये रॅमशी बोलणारा भाग एका तुकड्यावर आणि गणित करणारा दुसऱ्यावर, त्यामुळे निरोप पोचायला किंचित उशीर होतो आणि गेमला नेमका तोच उशीर सोसत नाही.

"म्हणजे टेबलं वेगवेगळ्या खोल्यांत हलवली आणि फाइल फिरत बसली," अण्णा म्हणाले. "आमच्याकडेही झालं होतं."

खरं सांगायचं तर राग चिपचा नाहीच. 1971 साली पहिला मायक्रोप्रोसेसर बाजारात आला तेव्हा त्यात 2,300 ट्रान्झिस्टर, म्हणजे वीज चालू-बंद करणारे सूक्ष्म खटके, होते, आज अब्जांनी असतात. पुढे इंटेल कंपनी काढणाऱ्या गॉर्डन मूर यांनी 1965 मध्ये ही संख्या दर वर्षी दुप्पट होईल म्हटलं, 1975 मध्ये स्वतःच ते दोन वर्षांवर आणलं. ट्रान्झिस्टर लहान केला की त्याला वीजही त्याच मानाने कमी लागायची, ती सोय 2005 च्या सुमारास संपली. तेव्हापासून वेग वाढवायचा म्हटलं की आधी उष्णता आडवी येते. निसर्गाचा नियम आहे, मान्य. पूर्वी मेगाहर्ट्झचे, म्हणजे चिपच्या ठोक्यांच्या वेगाचे, आकडे पाहता पाहता दुप्पट व्हायचे आणि यंत्र बदललं की घरातल्या कोणालाही फरक कळायचा. आता तो स्टॉपवॉच लावून शोधावा लागतो. तेही चालेल. पण मग 'यंदा फारसं काही नाही, जुनं असेल तर राहू द्या' असं एका ओळीत सांगा ना! ते नाही. त्याऐवजी नवं नाव, नवं सॉकेट आणि 90 पासून सुरू होणारा आलेख. चिप बनवण्याच्या तंत्राच्या नावातले नॅनोमीटर तर चिपवरच्या कुठल्याच गोष्टीची लांबी सांगत नाहीत. तक्रार केली तर उत्तर तयार असतं: पुढच्या बायॉस अपडेटमध्ये, म्हणजे बोर्डच्या स्वतःच्या सॉफ्टवेअरच्या नव्या आवृत्तीत, सुधारणा होईल. अर्धवट शिजलेलं आम्ही आधी विकत घ्यायचं आणि मग आमच्याच घरी शिजायची वाट बघायची.

ते अपडेट काल रात्री आलं. मी लावलं, यंत्र बंद होऊन पुन्हा सुरू झालं, पडदा काळा. पिवळा दिवा. बोर्ड आणि रॅमची बोलणी पुन्हा पहिल्यापासून.

मागे खुर्ची सरकल्याचा आवाज झाला. अण्णा खोकं घेऊन बसले होते, पेन्सिल 39,600 च्या खाली टेकलेली.

"हा वेळ धरायचा ना?"

"धरा," मी म्हटलं.